पखाल

मंडळाची जागा सोडायची ठरली.
गुदैबियातल्या त्या दोन खोल्यांत
घरमालकाला सलून काढायचं होतं.
कपाट आवरायचं काम माझ्याकडे आलं,
माझ्या गाडीची डिकी मोठी म्हणून.

थर्माकोलचं मखर, फुटकी ढोलकी,
वर्गणीच्या वह्या, आणि तळाशी
एकोणऐंशी सालचा एक दिवाळी अंक.
त्याचं नाव वाळवीने खाल्लेलं,
किमतीला मात्र तोंड लावलं नव्हतं: सहा रुपये.

आत एक कथा. सी. भि. तोरसकर.
नावाखाली बारीक टायपात: बहारीन.
उभ्या उभ्याच वाचायला लागले,
मग फरशीवर बसले.

इथे समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते.
मोती काढणारे बुडी मारून
पखाल झऱ्याच्या तोंडाला लावायचे,
खाऱ्यातून गोडं घेऊन वर यायचे.
एवढं खरं.
पुढचं तोरसकरांचं:

कुणी एक स्टोअरकीपर, शिरोड्याकडचा,
जुम्म्याच्या सुट्टीत म्हाताऱ्या पाणबुड्याच्या होडीतून जातो.
वाकून पाण्याला कान लावतो
तर खाली रहाट कुरकुरतोय.
त्याच्याच परसातला. तेल न घातलेला.
कुणीतरी कळशी सोडतंय,
आणि ती आदळते इथे, चार वाव खोल.
विहिरीचा तळ तेच झऱ्याचं तोंड.
तो दोरीने पखाल सोडतो.
ओढताना ती जड लागते, पाण्याहून जड.
तो तिच्या तोंडाची गाठ सोडतो आणि

एकशे बारानंतर एकदम एकशे पंधरा.
चिरोट्यांचे पाच प्रकार.

दोन-चार ग्रंथालयांना विचारून पाहिलं.
एकाने कळवलं, या नावाची नोंद नाही.
सावंतवाडीला एक पुतण्या सापडला. फोनवर म्हणाला,
दाजीकाका? ते पैसे पाठवायचे.
लिहायचे कशाला?

शेवटी सित्र्यात, कॅम्प होता त्या बाजूला,
मोइदूच्या कोल्ड स्टोअरमध्ये.
नाव काढताच म्हातारा गल्ल्यावरून उठला.
तोरसकर? भूतवाला तोरसकर!
आठ जण एका पत्र्याच्या खोलीत.
दिवे गेले की हा सुरू, तोडक्यामोडक्या हिंदीत.
गुलबादशाह पठाण, सहा फूट दोन इंच,
चादर डोक्यावरून घ्यायचा.
लिहितो हे आम्हाला माहीत नव्हतं.
आम्हाला वाटायचं, घरी पत्र लिहितो.

पखालीची गोष्ट? तिचा शेवट?
मोइदू ताकाच्या बाटल्या फ्रिजमध्ये लावत राहिला.
शेवट रोज वेगळा, म्हणाला.
तो आधी विचारायचा: घरी काय सोडून आलास?
पखालीतून तेच निघायचं.
पठाणाच्या भावाचं पागोटं, ओलं.
नायडूचं पारडू,
जिवंत, पण डोळे उघडायला तयार नाही.

आणि तुमचं?

त्याने माझे सुटे पैसे दोनदा मोजले.
मी खोटं सांगितलं, म्हणाला. घड्याळ सांगितलं.
तोरसकर बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, मोइदू, पखाल रिकामी आली.
बाकीचे हसले.
मी त्यानंतर आठवडाभर झोपलो नाही.

त्र्याऐंशीत करार संपला, तोरसकर गेला.
पत्ता? नाही.
खोकंभर कागद होते, ते? 
मोइदूने खांदे उडवले.
खोलीत पुढे सिमेंटच्या गोण्या ठेवल्या, म्हणाला.

परतताना पुलावर सिग्नल लाल होता.
मला कुणी काहीच विचारलं नव्हतं,
तरी मी मनात उत्तर जुळवत होते.
पहिलं सुचलं ते खोटं होतं.
दुसरंही.

रात्री ओट्यावर अंक, एकशे बारावर उघडा.
नळाला इथल्या समुद्राचंच पाणी,
कारखान्यात मीठ काढून घेतलेलं.
तांब्या धरला. भरला.
उचलताना रोजच्यापेक्षा जड वाटला
म्हणून तसाच ठेवला, वर ताटली घालून.

सकाळी बघू.